सोनटक्का दर हिवाळ्यात का दगावतो: ओळख, साठवण आणि न फुलण्याची कारणे

न्यू जर्सी, टोरांटो, लंडन किंवा म्युनिक अशा थंड ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये ज्या फुलझाडांसाठी जीव तुटतो, त्यांत मोगऱ्याच्या जोडीने सोनटक्का असतोच. मोगरा कुंडीसकट खिडकीशी आणून ठेवला की बहुधा निभावून जातो. सोनटक्क्याची तक्रार मात्र दर वर्षी नव्याने येते आणि ती तीनपैकी एका प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ऑक्टोबरमध्ये काढून खोक्यात ठेवलेला गड्डा मार्चमध्ये पाहावा तर सुरकुतून हलका झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो लिबलिबीत होऊन त्याला घाण वास सुटलेला असतो. तिसरा प्रकार अधिक चिडवणारा आहे: गड्डा जगतो, जूनमध्ये फुटवे येतात, सप्टेंबरपर्यंत झाड कमरेइतके होते, आणि फुलाचा तुरा बाहेर पडण्याच्या बेतात असतानाच पहिली गोठवणारी रात्र येऊन सगळे काळे पडते.

या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. सोनटक्क्याचा गड्डा हळदीच्या बेण्यासारखा हाताळला जातो, आणि सोनटक्का हळदीच्या कुळातला असला तरी त्याचे वार्षिक चक्र हळदीसारखे नाही. मात्र हे खरे धरण्यापूर्वी आपल्याजवळचे झाड सोनटक्काच आहे ना, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या ओळखीमुळे वाया गेलेले हिवाळेही कमी नाहीत.

आधी ओळख

कोणाकडून तरी कागदात गुंडाळून मिळालेला गड्डा, किंवा दुकानात नुसते ‘जिंजर लिली’ एवढेच लिहिलेली पिशवी, यावरून काहीच ठरत नाही. ‘जिंजर लिली’ या नावाखाली हेडिकियम या प्रजातीतल्या अनेक जाती विकल्या जातात, आणि साठवणीच्या खोक्यात त्यांच्या शेजारी कर्दळीचे, पेवाचे किंवा आंबेहळदीचे गड्डे असले तर गोंधळ ठरलेलाच.

गड्डा हातात असेल तर त्याचा नखाएवढा तुकडा धारदार सुरीने कापून पाहावा. सोनटक्क्याचा गर फिकट पिवळसर किंवा दुधी पांढरा असतो, त्याला आल्याचा मंद वास येतो, पण आल्याचा झणका नसतो. आंबेहळदीला कच्च्या कैरीचा वास येतो आणि तो एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही. हळद रंगावरूनच कळते. कर्दळीचा गर पांढरा, पिठूळ आणि बिनवासाचा असतो. पेवालाही सुगंध नसतो. तुकडा कोरडा पडलेला असेल तर वास येण्यासाठी तो बोटांत जरा चुरडावा लागतो.

झाड उभे असताना ओळख अधिक सोपी असते. सोनटक्क्याची पाने दांड्याच्या दोन बाजूंना, एकाआड एक, दोन सरळ रांगांत येतात. पेवाची पाने दांड्याभोवती वळत वर चढतात, त्यामुळे वरून पाहिल्यास त्यांचा फिरता जिना दिसतो. हळदीची आणि आंबेहळदीची पाने लांब देठांवर थेट जमिनीतून वर येतात, त्यांना पानांचा उंच दांडा नसतो. आल्याची पाने सोनटक्क्यासारखीच दोन रांगांत असली तरी ती बोट-दीड बोट रुंद असतात. सोनटक्क्याची पाने चांगली चार-पाच बोटे रुंद आणि हातभर लांब होतात. शंका उरलीच तर पान उलटे करून मागच्या बाजूवरून अंगठा फिरवावा: सोनटक्क्याच्या पानाची पाठ मऊ लवेची असते. पान दांड्याला जिथे बिलगते तिथे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा पातळ, पापुद्र्यासारखा पडदाही दिसतो. कर्दळीच्या पानाला ना लव असते ना हा पडदा.

हेडिकियमच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर फुलाची वाट पाहावी लागते. आपला पांढरा सोनटक्का, म्हणजे हेडिकियम कोरोनेरियम, याचा तुरा घट्ट असतो. हिरवी छदे, म्हणजे फुलांना आडोसा देणारी छोटी पानासारखी आवरणे, कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात आणि प्रत्येक छदाआडून दोन ते सहा फुले पाळीपाळीने बाहेर पडतात. फुलाची सर्वांत रुंद पाकळी खाचेने दुभंगलेली असून तिच्या मुळाशी पुष्कळदा पिवळसर छटा असते. संध्याकाळी वास भरून येतो, कारण परागणाचे काम निशाचर पतंग करतात. पिवळा सोनटक्का म्हणून जो मिळतो तो बहुधा हेडिकियम फ्लेवेसेन्स असतो. तुऱ्याची घडण तशीच घट्ट, फूल फिकट पिवळे, आणि हिवाळ्यातली त्याची व्यवस्था पांढऱ्यासारखीच करावी.

युरोपातल्या रोपवाटिकांमध्ये सर्रास मिळते ती हेडिकियम गार्डनेरियनम ही जात. तिचा तुरा लांब व मोकळा असतो, छदे नळीसारखी गुंडाळलेली आणि एकमेकांपासून सुटी असतात, फुले पिवळी आणि त्यांतून लांब तांबडा पुंकेसर बाहेर डोकावतो. नारिंगी फुलांचा ‘टारा’ हा प्रकार नेपाळमधून १९७२ साली गोळा केलेल्या बियांपासून आला. हे दोन्ही पांढऱ्या सोनटक्क्यापेक्षा थंडीला बरेच काटक आहेत. औषधात आणि उटण्यात वापरली जाणारी कपूरकचरी, म्हणजे हेडिकियम स्पाइकेटम, ही हिमालयात उंचावर वाढते. हिवाळ्यात तिची पाने स्वतःहून गळतात आणि ती खरोखर विश्रांती घेते. म्हणून एखाद्याने ‘माझे जिंजर लिली गॅरेजमध्ये कोरडे ठेवले आणि छान आले’ असे सांगितले, तर त्याची जात कोणती हे विचारल्याशिवाय तो सल्ला पांढऱ्या सोनटक्क्याला लावू नये.

हळदीचा नियम इथे का चालत नाही

सांगली-साताऱ्याकडे हळदीची पाने हिवाळा सरता सरता पिवळी पडून वाळतात, त्यानंतर काढणी होते, आणि बेणे सावलीत ढीग करून हळदीच्याच वाळलेल्या पाल्याखाली मे-जूनच्या लागवडीपर्यंत ठेवले जाते. हे जमते, कारण हळदीच्या गड्ड्याला नैसर्गिक सुप्तावस्था असते आणि काढणीपूर्वी त्याची साल राठ झालेली असते. सोनटक्का मुळात पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या दमट, पाणथळ जागांमधला. पाणी आणि ऊब मिळत राहिली तर तो वर्षभर हिरवा असतो. कोकणात तो न्हाणीच्या पाण्यावर किंवा विहिरीच्या गटारीला लावतात तो याच कारणाने, आणि तिथे तो पावसाळ्यापासून दिवाळीपलीकडेही फुलत राहतो. त्याचा गड्डा म्हणजे जमिनीलगत आडवे वाढणारे मांसल खोडच असते; साल पातळ, आत पाणी भरपूर. असा गड्डा उघड्या खोक्यात, गरम केलेल्या घराच्या कोरड्या हवेत ठेवला की तो सुप्त न होता हळूहळू वाळत जातो. उलट, वाळू नये म्हणून धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की त्याच पातळ सालीतून बुरशी आत शिरते.

तेव्हा हेतू एवढाच ठेवावा की झाडाची वाढ मंदावावी, पण गड्ड्यातला ओलावा आणि जमल्यास थोडा पाला टिकून राहावा.

कुंडीसकट आत आणणे

जागा असेल तर हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की कुंडी आत घ्यावी. काळे पडेपर्यंत थांबू नये. ज्या दांड्यांना फुले येऊन गेली आहेत ते मातीलगत कापून टाकावेत, कारण सोनटक्क्याचा प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. न फुललेले दांडे मात्र जपावेत. पाने फाटकी, टोकाला करपलेली दिसली तरी ते दांडे पुढच्या मोसमात आयतीच आघाडी देतात, आणि थंड प्रदेशात फूल मिळणे किंवा न मिळणे पुष्कळदा याच आघाडीवर ठरते. घर नीटनेटके दिसावे म्हणून सगळे दांडे सरसकट छाटले की फुलाची तारीख दोन महिने पुढे गेली असे समजावे.

आत आणल्यावर १० ते १५ अंशांची, उजेडाची जागा उत्तम: न तापवलेली काचेची ओसरी, जिन्यावरची खिडकी, किंवा दिवा असलेले तळघर. पाणी उन्हाळ्याच्या मानाने अगदी कमी द्यावे. मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा झाला की थोडे पाणी, आणि बशीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे. उन्हाळ्यात बशीत पाणी राहिलेले या झाडाला आवडते, पण थंडीत तीच बशी गड्डा कुजवते. खत मार्चपर्यंत पूर्ण बंद.

रेडिएटरच्या शेजारी ठेवलेल्या कुंडीवर जानेवारीत हमखास लाल कोळी पडतो. पानाच्या पाठीवर बारीक पिवळे ठिपके आणि देठाशी कोळिष्टकासारखे धागे दिसले की समजावे. कुंडी स्नानगृहात नेऊन पानांची पाठ कोमट पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी आणि आठवड्याने पुन्हा धुवावी. एवढ्याने पुष्कळदा भागते. नाही भागले तर साबणाचे बागकामाचे द्रावण वापरावे. नुसती टोके तपकिरी होत असतील तर ते हवेच्या कोरडेपणाचे लक्षण असून त्यासाठी पाणी वाढवणे हा उपाय नव्हे.

गड्डे काढून ठेवायचेच असतील तर

जमिनीत लावलेल्या झाडांना हे करावे लागते. पहिल्या हलक्या थंडीने पाने काळवंडली तरी घाबरण्याचे कारण नाही, पण जमीन गोठण्यापूर्वी गड्डे बाहेर यायला हवेत. दांडे वीतभर ठेवून कापावेत, काटेरी फावड्याने लांबून उकरून गड्डा शक्यतो अखंड उचलावा, सैल माती झटकून टाकावी आणि चिकटलेली राहू द्यावी. धुवू नये. तुकडे करण्याचा मोह या वेळी आवरावा. वाटणी वसंतात करावी, कारण थंडीत घातलेला प्रत्येक घाव महिनोन्‌महिने भरत नाही. तुटलेले टोक असेल तर ते स्वच्छ कापून, सावलीत हवेशीर जागी एक-दोन दिवस सुकू द्यावे. यापेक्षा जास्त सुकवू नये.

मग पुठ्ठ्याच्या किंवा भोके पाडलेल्या डब्यात कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुगा), लाकडाचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज) घालून त्यात गड्डे एकमेकांना न टेकतील असे पुरावेत. सगळे यश या भरावाच्या ओलाव्यावर आहे. मूठभर कोकोपीट घट्ट दाबावे: पाण्याचा थेंब गळता कामा नये, मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर टिकून बोट लावताच फुटावा, आणि तळवा ओला न होता नुसता गार लागावा. बाजारातली वीट भिजवून तयार केलेले कोकोपीट यापेक्षा बरेच ओले असते. ते आधी पसरून एक दिवस वाळवावे. जागा ८ ते १३ अंशांची असावी. फ्रिज नको, कारण तो जास्त थंड असतो; माळाही नको, कारण तिथे रात्री गोठते. डब्यावर गड्ड्यांचे नाव आणि तुऱ्याचा रंग लिहून ठेवावा, म्हणजे वसंतात कर्दळ की सोनटक्का हा प्रश्न उरणार नाही.

महिन्यातून एकदा डबा उघडून हाताने चाचपावे. गड्डा घट्ट आणि जड लागला तर काही करू नये. साल सुरकुतू लागली असेल तर भरावावर, गड्ड्यावर नव्हे, थोडे पाणी शिंपडावे. आठवडाभरात साल पुन्हा ताणली जाते. वर पांढरी बुरशी दिसली तर फडक्याने पुसून झाकण दोन दिवस उघडे ठेवावे. वरवरची बुरशी म्हणजे कुज नव्हे. मऊ जागा आढळली तर मात्र दया दाखवू नये. घट्ट, फिकट, स्वच्छ गर लागेपर्यंत कापत जावे, प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी, उरलेल्या भागाला गंधकाची भुकटी लावावी आणि तो वेगळ्या डब्यात ठेवावा. एक डोळा आणि अंगठ्याएवढा निरोगी गर शिल्लक असला तरी झाड होते, फक्त त्या वर्षी फुलाची अपेक्षा धरू नये.

पूर्ण वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गड्ड्याबाबत फेकण्याआधी एक कसोटी घ्यावी. डोळ्याजवळची साल नखाने खरवडावी. खाली ओलसर दुधी रंग दिसला तर त्यात जीव आहे; तपकिरी, दोरखंडासारखे कोरडे तंतू निघाले तर नाही. जिवंत असल्यास त्याला पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण वाळलेला गड्डा एकदम पाणी शोषून कुजतो. ओलसर कोकोपीटमध्ये, उबदार जागी ठेवून वाट पाहावी.

जगतो, पण फुलत नाही

सोनटक्क्याचा तुरा त्या दांड्याच्या शेंड्यालाच येतो, आणि कोंब फुटल्यापासून दांडा पूर्ण वाढून तुरा येईपर्यंत उबदार हवेचे चार महिने तरी, बहुधा त्याहून अधिक, लागतात. न्यू जर्सीत वसंतातले शेवटचे गोठणे एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत होते आणि शरदातले पहिले ऑक्टोबरमध्ये. मेअखेर गार मातीत गड्डा लावला, तो जूनच्या मध्याला उगवला, की हिशेब जमतच नाही. कितीही फॉस्फरस घातला तरी तो जमणार नाही, आणि ‘फुलांचे खत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर पैसे घालवण्यात या बाबतीत अर्थ नाही.

उपाय म्हणजे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी गड्डे घरातच कुंडीत लावणे. निचऱ्याची माती, त्यात चांगले कंपोस्ट, आणि गड्डा जेमतेम झाकला जाईल इतकाच खोल, दोन ते चार सेंटिमीटर. खोल पुरलेला गड्डा उशिरा उगवतो आणि त्याआधी कुजण्याची शक्यता वाढते. मातीला २० अंशांच्या वर ऊब हवी. बियांच्या ट्रेखाली ठेवतात ती विजेची तापणारी चटई इथे फार कामाची. कोंब वर येईपर्यंत पाणी बेताचे, तीन पाने उघडल्यावर वाढवत न्यायचे, आणि रात्री १० अंशांच्या वर स्थिरावल्या की आठवडाभर सावलीत सवय लावून कुंडी बाहेर काढायची. तिथून पुढे भरपूर ऊन, भरपूर पाणी आणि पंधरा दिवसांतून एकदा पातळ केलेले द्रवखत. महाराष्ट्रात सोनटक्क्याला दुपारची सावली लागते म्हणून न्यू जर्सीतही सावलीत ठेवणे चुकीचे आहे. त्या अक्षांशावर त्याला मिळेल तेवढे ऊन कमीच पडते. कुंडी ३५ ते ४० सेंटिमीटर रुंदीची असावी. फार मोठ्या कुंडीत माती उशिरा तापते.

शरदात तुरा दिसू लागला आणि थंडीचा अंदाज आला, तर कुंडी आत आणून उजेडाच्या, १८ ते २० अंशांच्या खोलीत ठेवावी. छदांच्या टोकांतून पांढरे दिसू लागले असेल तर फुले घरातही उमलतात.

जमिनीतच ठेवता येईल का

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०२३ सालच्या नकाशात ज्या भागाला आठवा पट्टा म्हटले आहे, म्हणजे जिथे वर्षातले सर्वांत कमी तापमान साधारण उणे ७ ते उणे १२ अंशांपर्यंत उतरते, तिथपर्यंत पांढरा सोनटक्का जमिनीत तग धरतो. ह्यूस्टनमध्ये तर काळजीचा प्रश्नच येत नाही. त्याहून थंड अशा सातव्या पट्ट्यात दक्षिणेकडच्या भिंतीचा आडोसा, उंच वाफा आणि १५ ते २० सेंटिमीटर जाडीचे पाल्याचे आच्छादन असेल तर प्रयत्न करण्याजोगा आहे, पण निम्मे गड्डे काढून आत ठेवावेत. आणखी थंड अशा सहाव्या पट्ट्यात हा विचार सोडून द्यावा. इंग्लंडमधली अडचण थंडीइतकीच ओलीची आहे: थंड, चिकट, पाणी धरणारी माती गड्डा कुजवते, म्हणून तिथे आच्छादनापेक्षा निचऱ्याची काळजी अधिक करावी. बाहेर राहिलेला गड्डा फार उशिरा उगवतो, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत तिथे कुदळ घालू नये.

महाराष्ट्रात हिवाळा सोनटक्क्याला क्वचितच मारतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आसपास दव गोठते अशा रात्रींनंतर पाने करपतात, पण गड्डा सुखरूप असतो. करपलेली पाने काढण्याची घाई न करता फेब्रुवारीपर्यंत थांबावे. नागपूर किंवा जळगावकडे जो सोनटक्का ‘थंडीनंतर मेला’ असे वाटते तो बहुधा एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने गेलेला असतो. त्याला सावली, जाड आच्छादन आणि उन्हाळाभर पाणी हवे.

शेवटचा मुद्दा गड्डे नेण्या-आणण्याचा. भारतातून येताना सामानात गड्डा लपवून आणू नये. बहुतेक देशांत लागवडीच्या कंदांसाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, माती चिकटलेली चालत नाही, आणि न्यूझीलंडमध्ये तर हेडिकियम गार्डनेरियनम व फ्लेवेसेन्स यांची विक्री आणि प्रसार यांवर बंदी आहे, कारण तिथल्या जंगलांत त्यांनी हातपाय पसरले आहेत. स्थानिक रोपवाटिकेतून घेताना शास्त्रीय नाव विचारून घ्यावे, गड्डा घट्ट व निदान दोन जिवंत डोळ्यांचा असावा, आणि शक्य असल्यास तो मार्चमध्येच मागवावा. मेमध्ये मिळणारे गड्डे दुकानात महिनोन्‌महिने कोरडे पडलेले असू शकतात.